अ‍ॅप कोणाचंही असो, निरोप पोचला पाहिजे

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस झोहो या भारतीय कंपनीचं ‘अरट्टाई’ हे निरोपांचं अ‍ॅप एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आलं. केंद्रीय मंत्र्यांनी ते वापरण्याचं आवाहन केलं, अ‍ॅप स्टोअरच्या यादीत ते वर चढलं आणि समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एक तट विचारत होता, कोट्यवधी भारतीयांचं रोजचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपच्या, म्हणजे एका अमेरिकी कंपनीच्या, हाती का असावं? दुसरा विचारत होता, ज्यात मजकुराला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनसुद्धा (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) नाही ते निव्वळ देशी आहे म्हणून का घ्यायचं? (त्या वेळी ते खरोखरच नव्हतं.) दोन्ही प्रश्न रास्त होते. पण वाद मिटला तो या प्रश्नांची उत्तरं मिळाली म्हणून नव्हे. लोकांनी नवं अ‍ॅप उतरवलं, त्यात डोकावून पाहिलं आणि बहुतेक जण होते तिथे परतले, कारण सोसायटीचा ग्रुप जुन्या जागी होता, मुलाच्या शाळेचा ग्रुप जुन्या जागी होता आणि गावाकडची भावकीही तिथेच होती.

या गदारोळात झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू यांनी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. निरोपांची व्यवस्था यूपीआय किंवा ईमेलसारखी परस्परजोडलेली असावी, एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात निरोप जावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः या धंद्यातले आहेत आणि बाजारात मागे आहेत, तेव्हा त्यांचा त्यात स्वार्थ आहे हे उघड आहे. तरीही खरा प्रश्न त्यांनीच मांडला, असं मला वाटतं. अ‍ॅपचा मालक कोण, हा दुय्यम मुद्दा आहे. मी एका कंपनीचं अ‍ॅप वापरत असेन आणि तुम्ही दुसऱ्या, तर माझा निरोप तुम्हाला पोचतो की नाही, यावर सगळं ठरतं. तो पोचत नसेल, तर आजच्या परदेशी मक्तेदाराच्या जागी उद्या देशी मक्तेदार बसेल आणि आपल्या हाती काहीच येणार नाही. तो पोचायचा असेल तर दोन गोष्टी एकत्र लागतात: कोणालाही वापरता येईल असं खुलं मानक, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे जाहीर तांत्रिक नियम, आणि ते पाळण्याची मोठ्या कंपन्यांवर कायदेशीर सक्ती. यातली एकच गोष्ट असून भागत नाही, हे गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात दोनदा दिसलं आहे.

पहिली वेळ १९९९ ची. तेव्हा अमेरिकेत तत्काळ निरोपांचा धंदा एओएल या कंपनीच्या मुठीत होता. तिचा स्वतःचा एआयएम हा निरोपांचा प्रोग्राम होताच, शिवाय ‘आयसीक्यू’ बनवणारी इस्रायली कंपनीही तिने १९९८ मध्ये विकत घेतली होती. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणला आणि त्यातून एओएलच्या ग्राहकांशीही बोलता येईल अशी सोय ठेवली. एओएलने ती तोडली. मायक्रोसॉफ्टने वाट काढली, एओएलने पुन्हा तोडली. अनेक आठवडे हा खेळ चालला. शेवटी तर एओएलने स्वतःच्याच प्रोग्राममधल्या एका सुरक्षा-त्रुटीचा आधार घेऊन समोरचा ग्राहक आपलाच आहे की परका, हे ओळखायला सुरुवात केली आणि मायक्रोसॉफ्टने हात टेकले. आज खुलेपणाविरुद्ध सुरक्षेचं कारण पुढे करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. भिंत टिकवण्यासाठी एका कंपनीने आपल्याच ग्राहकांच्या संगणकातल्या भगदाडाचा उपयोग केला होता.

त्याच सुमारास इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये अभियंते शांतपणे दुसरंच काम करत होते. फेब्रुवारी २००० मध्ये आरएफसी २७७८ आणि २७७९ असे दोन दस्तऐवज निघाले. निरोप म्हणजे काय, ‘उपस्थिती’ म्हणजे काय आणि अशा व्यवस्थेकडून काय अपेक्षित आहे, याची त्यांत मांडणी होती. त्याआधी, जानेवारी १९९९ मध्ये, जेरेमी मिलर या तरुणाने ‘जॅबर’ हे निरोपांचं खुलं तंत्र जाहीर केलं होतं. त्यातून एक्सएमपीपी उभं राहिलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये आयईटीएफचं मानक झालं.

यातल्या उपस्थितीच्या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मानकाने सामान्य माणसाला काय मिळतं ते तिथे नेमकं दिसतं. समोरचा माणूस ऑनलाइन आहे का, हे आपण रोज पाहतो. तो हिरवा ठिपका, ते ‘लास्ट सीन’. नवरा-बायकोत, साहेब आणि हाताखालच्या माणसात, सासरी आणि माहेरी त्यावरून किती वाद होतात, हे घराघरांत ठाऊक आहे. एक्सएमपीपीत तुमची उपस्थिती पाहायची तर आधी तुमच्याकडे विनंती पाठवावी लागते. तुम्ही ती मान्य केल्याशिवाय तुमचा सर्व्हर समोरच्याला तुम्ही हजर आहात की गैरहजर, यातलं काहीच कळवत नाही. मान्यता दिल्यावरही ती केव्हाही काढून घेता येते. त्याच काळात सिप या, इंटरनेटवरचे कॉल जोडणाऱ्या, दुसऱ्या मानकाभोवती जे काम झालं, त्यात २००७ च्या आरएफसी ५०२५ मध्ये ‘सभ्य नकारा’चीही सोय आहे. समोरच्याला वाटतं की परवानगी मिळाली, पण त्याला तुम्ही कायम अनुपलब्ध दिसता. ज्या बाईला नकार देण्याचीही भीती वाटते, तिचा विचार कोणीतरी मानक लिहिताना केला होता. आणि आपण ऑनलाइन आहोत हे कोणाला दिसावं, ते निवडायची मुभा व्हॉट्सअ‍ॅपने कधी दिली? ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर करोडो लोकांची हजेरी, ज्याच्याकडे त्यांचा नंबर आहे अशा कोणालाही दिसत होती, कारण एका कंपनीने तसं ठरवलं होतं आणि तिला जाब विचारून दुसरीकडे जायची सोय कोणाकडे नव्हती.

मानक चांगलं होतं. मग ते का हरलं? गुगलने ऑगस्ट २००५ मध्ये गुगल टॉक आणलं ते एक्सएमपीपीवर, आणि जानेवारी २००६ मध्ये इतरांच्या सर्व्हरशी जोडणीही खुली केली. त्या काळात स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणारा माणूस जीमेलवाल्याशी थेट बोलू शकत होता. फेसबुकनेही २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीचं दार ठेवलं, पण बाहेरच्या सर्व्हरशी नातं कधी जोडलं नाही. मे २०१३ मध्ये गुगलने हँगआउट्स आणलं आणि त्यात ही जोडणी नव्हती. कोणाची परवानगी लागली नाही, कोणाला कारण द्यावं लागलं नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने जानेवारी २००१ मध्ये एओएल-टाइम वॉर्नर विलीनीकरणाला मान्यता देताना परस्परजोडणीची एक अट घातली होती खरी, पण ती फक्त भविष्यातल्या व्हिडिओसारख्या प्रगत सेवांपुरती होती आणि २००३ मध्ये तीही उठवली. मानक होतं, सक्ती नव्हती. ज्याला फायदा दिसला तो आत आला, आणि पुरेसा मोठा झाल्यावर त्याने दार लावून घेतलं.

दुसरी वेळ आपल्या डोळ्यांसमोर युरोपात चालू आहे. तिथल्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टने व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकचं मेसेंजर यांना सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द्वारपाल’ सेवा ठरवलं, आणि मार्च २०२४ पासून मागेल त्या सेवेला जोडणी देणं त्यांच्यावर बंधनकारक झालं. इथे सक्ती आली, पण सामाईक मानक आलं नाही. बड्या कंपनीने आपल्या अटी आणि आपला तांत्रिक आराखडा जाहीर करायचा, आणि छोट्याने त्यात स्वतःला बसवून घ्यायचं. परिणाम तुटपुंजा आहे हे मान्य केलं पाहिजे. सिग्नल आणि थ्रीमा या, गोपनीयतेसाठी नावाजलेल्या सेवांनीच जोडणी घ्यायला नकार दिला. या कायद्याचं अपयश दाखवणारे लोक याच गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं बोट योग्य जागी आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. दारात येणाऱ्याने यजमानाच्याच भाषेत बोलावं अशी अट असेल, तर फार पाहुणे येत नाहीत. सगळ्यांची एक भाषा ठरवण्याचं काम आयईटीएफच्या मिमी या कार्यगटात सुरू आहे. ते आधी व्हायला हवं होतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी तो २०१६ मध्ये मांडला होता आणि आजही त्याला हलकं लेखता येत नाही. त्यांचं म्हणणं असं: जग पुढे सरकत असतं. एकाच संस्थेच्या ताब्यातली सेवा एका रात्रीत बदलता येते. हजारो सर्व्हरांवर पसरलेलं मानक बदलायला दशकं लागतात. ईमेल पाहा, इतक्या वर्षांनीही ते मुळात एन्क्रिप्टेड नाही. उलट एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सिग्नलचं एन्क्रिप्शन सगळ्या ग्राहकांसाठी पूर्ण लागू केलं, आणि कोणाला बोटही हलवावं लागलं नाही. केंद्रीय ताबा होता म्हणूनच हे झालं, हे खरं आहे. एक्सएमपीपीतही नव्या सोयी जोड-विस्तारांच्या रूपाने येत राहिल्या, आणि कोणता प्रोग्राम त्यांतला कोणता विस्तार पाळतो हे वापरणाऱ्याला समजेनासं झालं, हेही खरं.

पण ‘खुलं म्हणजे गोठलेलं’ हा नियम म्हणून टिकतो का? तुम्ही बँकेचं संकेतस्थळ उघडता तेव्हा जे कुलूप काम करतं, ते टीएलएस. तेही आयईटीएफचं खुलं मानक. त्याची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि २०२० मध्ये ब्राउझर बनवणाऱ्यांनी जुन्या, कमकुवत आवृत्त्या बंद करायला घेतल्या. वेब थांबलं नाही, फुटलंही नाही. मोठ्या गटातल्या संभाषणाला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन देणारं एमएलएस हे मानक जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४२० म्हणून प्रसिद्ध झालं. २००४ मध्ये जे हाताशी नव्हतं ते आज आहे. तेव्हा ‘जोडायचं तर एन्क्रिप्शन सोडावं लागेल’ हा आक्षेप दहा वर्षांपूर्वी जितका वजनदार होता तितका आज राहिलेला नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा पाया कशावर रचला गेला? ईजॅबरडी या, एक्सएमपीपीसाठी लिहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर. त्याचं कुलूप कुठून आलं? सिग्नलच्या, सगळ्यांना वाचता येणाऱ्या प्रोटोकॉलवरून. समाजाने उघड्यावर ठेवलेलं सामान घेऊन ही इमारत उभी राहिली आहे. तिने एक दार ठेवावं असं म्हणणं अन्यायाचं कसं?

हा सगळा वाद मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही, कारण आपण तो एकदा फाँटवरून भोगला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारं मानक, येण्यापूर्वीचे दिवस आठवा. कोणी श्रीलिपीत टाइप करायचं, कोणी आकृतीत, कोणी शिवाजीमध्ये. प्रत्येकात अक्षरांची आतली संकेतनं वेगळी. नगरच्या डीटीपीवाल्याने बसवलेला मजकूर पुण्याच्या छापखान्यात उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. मग फोन व्हायचा, ‘फाइलीबरोबर फाँटही पाठवा.’ फाँट आला तरी आवृत्ती जुळली नाही तर रफार भलतीकडे जायचा आणि अख्खं प्रूफ पुन्हा वाचावं लागायचं. लेखकाचा स्वतःचा मजकूर एखाद्या कंपनीच्या फाँटमध्ये अडकून पडायचा. तेव्हाही युनिकोडविरुद्धचे आक्षेप अगदी आजच्यासारखेच होते, आणि त्यांत तथ्यही होतं: जोडाक्षरं तुटतात, पेजमेकरमध्ये चालत नाही, छापायच्या कामाला उपयोग नाही, ज्याला त्याला आपला फाँट सोयीचा आहे, तर बदलायचं कशाला? देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत होती, पण आपल्या कामात ती रुळायला पंधरा-वीस वर्षं लागली. सरकारने कारभारासाठी हेच प्रमाण ठरवलं, ऑपरेटिंग सिस्टीमनी देवनागरीला नीट आधार दिला, आणि हळूहळू मजकूर मोकळा झाला. आज मराठीत शोध घेता येतो, मराठी विकिपीडिया आहे, कोणत्याही फोनवरून कोणत्याही फोनवर मराठी वाचता येतं. फाँट बनवणाऱ्यांचा धंदा बुडाला का? सुंदर मराठी फाँट आज पूर्वीपेक्षा जास्त बनतात. स्पर्धा अक्षराच्या वळणावर आली, मजकूर ओलीस ठेवण्यावर राहिली नाही. निरोपांच्या बाबतीत मला नेमकं हेच हवं आहे.

‘एवढा त्रास आहे तर चार अ‍ॅप ठेवा की, फुकट तर आहेत,’ असंही म्हटलं जातं. ज्याच्याकडे भरपूर जागेचा फोन आहे आणि तंत्राची सवय आहे त्याला हे जमतं. रत्नागिरीजवळच्या गावात राहणाऱ्या, मुलगा दुबईत असलेल्या आईला विचारा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर वर्षानुवर्षं निर्बंध राहिल्यामुळे मुलाशी बोलायला तिला वेगळं अ‍ॅप शिकावं लागतं, कधी एक, कधी दुसरं. निरोप एका जागी, आवाज दुसऱ्या जागी. टेलिफोनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दुकानदारांना असेच दोन फोन ठेवावे लागत, एक बेल कंपनीचा आणि एक स्थानिक कंपनीचा, कारण एकावरून दुसऱ्यावर कॉल लागत नसे. १९१३ मध्ये सरकारच्या दडपणाखाली बेल कंपनीला आपल्या लांब पल्ल्याच्या तारा इतरांना खुल्या करायचं कबूल करावं लागलं. टपालाचंही तेच. १८७४ मध्ये बर्नला करार झाला, १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात आला, आणि इथलं तिकीट लावलेलं पत्र परदेशी टपालखातं पोचवू लागलं. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओचे कॉल इतर कंपन्यांच्या जाळ्यावर लागेनात, तेव्हा ‘दोन्ही सिम घ्या’ असा सल्ला ट्राय या दूरसंचार नियामकाने ग्राहकाला दिला नाही. पुरेशी जोडणी न दिल्याबद्दल तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करावा, अशी शिफारस केली. आवाजाच्या कॉलला जो न्याय, तो निरोपाला का नाही? आज सामान्य घरात कॉलपेक्षा निरोपच जास्त जातात.

यूपीआयचा दाखला देणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, परस्परजोडणीने मक्तेदारी आपोआप मोडत नाही. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांतूनच होतात, आणि एका अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायचा २०२० चा निर्णय पुढे ढकलला जात २०२६ च्या अखेरीवर गेला आहे. फरक इतकाच की उद्या तुम्ही फोनपे सोडलं तर वाण्याला पैसे देणं थांबत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. यूपीआयच्या मध्यभागी एनपीसीआय या संस्थेचा एकच स्विच, म्हणजे सगळे व्यवहार ज्यातून जातात असं केंद्र, बसलेला आहे. पैशांसाठी ते चालतं. माणसांच्या बोलण्यासाठी तसा मध्यवर्ती स्विच कदापि नको. २०२१ च्या आयटी नियमांनी निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची अपेक्षा आधीच लादली आहे. भारतीय मानकाच्या नावाखाली अशी खिडकी कायमची बसवली जाईल, ही भीती ज्यांना वाटते त्यांना मी वेड्यात काढणार नाही. म्हणूनच एन्क्रिप्शनचा आराखडा दिल्लीत नव्याने लिहू नये. जगभरच्या तज्ज्ञांनी उघड्यावर तपासलेलं एमएलएस आहे, ते घ्यावं. जोडणीची रचना ईमेलसारखी असावी, सर्व्हरने थेट सर्व्हरशी बोलावं. ईमेलचे दोषही डोळ्यांआड करून चालणार नाही: कचऱ्याचा भडिमार आहे, आणि छोट्याने स्वतःचा सर्व्हर उभारला तर मोठे त्याची पत्रं संशयाने बाजूला टाकतात. त्यामुळे जोडणी नाकारायला लेखी कारण आणि दाद मागायला जागा, हे नियमातच असलं पाहिजे.

आणि देशी अ‍ॅपच्या कैवाऱ्यांनी ‘हाइक’ची आठवण ठेवावी. डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालेलं हे भारतीय मेसेंजर कोट्यवधी लोकांनी वापरलं, त्यात आपल्या भाषांतली स्टिकर होती, इथल्या तरुणांची नस त्याला कळली होती. जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं. बनवणाऱ्यांचा देशाभिमान कमी पडला नव्हता. आपली सगळी माणसं जिथे आहेत तिथेच प्रत्येकाला राहावं लागतं, या एका गोष्टीपुढे गुणवत्ता हतबल ठरते. बाजार बंदिस्त राहिला तर पुढच्या दहा देशी अ‍ॅपचं हेच होईल, त्यांच्यामागे कितीही मंत्री उभे राहिले तरी.

मग सुरुवात कोणी करायची? संसदेच्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही असं एक ठिकाण आपल्या राज्यातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाबरोबर ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्याचं जाहीर केलं. दाखले, तक्रारी, अर्जाची स्थिती हे सगळं हातातल्या फोनवर यावं, ही कल्पना चांगलीच आहे. तलाठी कार्यालयाचे हेलपाटे वाचत असतील तर त्याला नाक मुरडणारा मी कोण? पण जातीचा दाखला मागायला एका खासगी कंपनीचं खातं हीच सोपी वाट होत गेली, तर ज्याने ते खातं ठेवलं नाही किंवा ज्याचं कंपनीने बंद केलं, त्याने कुठे जायचं? ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास जगभर बंद होतं. तेव्हा गप्पा थांबल्या. उद्या राज्याचा कारभार त्यावर असेल. केंद्राचं ई-गव्हर्नन्ससाठीचं खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहे. त्यातलं तत्त्व इथे लावावं: सरकारचा चॅटबॉट ज्या सर्व्हरवर चालतो त्याला खुल्या मानकाचंही दार असावं, कोणत्याही अ‍ॅपमधल्या नागरिकाचा निरोप तिथे घेतला जावा, आणि व्हॉट्सअ‍ॅप हे त्यातलं फक्त एक दार असावं. फ्रान्सने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये ‘मॅट्रिक्स’ या खुल्या मानकावर ‘चॅप’ उभं केलं, जर्मन सैन्यानेही स्वतःचा मेसेंजर मॅट्रिक्सवरच बांधला, तेव्हा हे तंत्र राज्यकारभाराला पेलत नाही असं म्हणायला जागा नाही. विधिमंडळात या कराराबद्दल प्रश्न विचारायचाच असेल तर आमदारांनी तो कंपनी कुठल्या देशाची यावर विचारू नये. दुसरं दार कोणत्या तारखेला उघडणार, ते विचारावं.